टपालपेटी : दादांचा पक्ष आणि मामाचा पक्ष

गेल्या अंकात हुरड्याबद्दलच्या एका उत्तरात मी ओघात लिहून गेले की आमचे दादा, म्हणजे वडील, शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) गावचे चिटणीस होते आणि हुरड्याला आलेल्या पाहुण्यांपुढेही वर्गणीचं पावतीपुस्तक काढायचे. प्रश्न होता हुरड्याचा, पण पत्रं आली ती पावतीपुस्तकाची. संपादक म्हणाले, एकदाच बसून सगळ्यांना उत्तरं देऊन टाका. देते. शाळेत मी इतिहास शिकवला, पण पक्षाची सभासद कधीच नव्हते. दादांच्या ओसरीवर जे कानावर पडलं आणि पुढे वाचून जे ताडून पाहिलं, तेवढंच इथे आहे.

शेतकरी कामगार पक्ष काँग्रेसमधून फुटला की कम्युनिस्टांमधून? क्लासमध्ये एक सांगतात, आमचे आजोबा दुसरंच सांगतात. आणि स्थापना 1947 की 1948? — एक विद्यार्थी, कराड

परीक्षेत ‘काँग्रेसमधून’ असंच लिही. आजोबांशी भांडू मात्र नकोस, त्यांचंही चुकलेलं नाही. ते कसं, ते पुढच्या एका उत्तरात येईल.

केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे ही मूळची ब्राह्मणेतर चळवळीतली माणसं. काँग्रेस खेड्यापाड्यात नेली ती यांच्यासारख्यांनी. बेचाळीसला शेतकऱ्यांच्या पोरांनी तुरुंग पाहिले, आणि 1946 ला मुंबई प्रांतात मंत्रिमंडळ बसलं तेव्हा या मंडळींच्या लक्षात आलं की आपण दारातच उभे आहोत. मग काँग्रेसमध्येच राहून त्यांनी वेगळा संघ बांधला. आपण सोडून जायचं नाही, आतूनच ओढायचं, असा बेत. काँग्रेसने 1948 साली ठरवलं की पक्षात दुसरा पक्ष चालणार नाही, आणि मंडळी बाहेर पडली. तुझ्या दोन सालांचा घोळ इथला आहे. पक्षाचा वर्धापनदिन 2 ऑगस्टला होतो आणि साल 1947 धरतात. काँग्रेसशी उघड काडीमोड झाला तो पुढच्या वर्षी. आमच्या गावात विहिरीचं साल कोणी खोदाई सुरू केली त्या वर्षापासून धरतं, कोणी पाणी लागलं त्या वर्षापासून. तसंच हे.

1950 साली नाशिक जिल्ह्यात दाभाडीला अधिवेशन झालं आणि तिथे शंकरराव मोऱ्यांचा प्रबंध मंजूर झाला. तोच दाभाडी प्रबंध. काँग्रेसमधून रुसून आलेल्यांचा हा पक्ष त्या दिवसापासून मार्क्स-लेनिनचं नाव घेऊ लागला. दादांकडे त्याची पुस्तिका होती, पिवळट कागदाची. रात्री कंदिलाजवळ धरून, पेन्सिलीने खुणा करत ते वाचायचे. किती समजत होतं देव जाणे. आई भाकरी थापता थापता विचारायची, “ह्ये वाचून हिरीला पाणी लागतंय का?” दादा मान वर न करता म्हणायचे, “लागंल.”

परीक्षेत येणार नाही, पण मला सर्वांत बोचतं ते पुढचं. जेधे चार-सहा वर्षांत काँग्रेसमध्ये परत गेले. आणि ज्यांनी प्रबंध लिहिला ते शंकरराव मोरे? 1952 ला सोलापुरातून शेकापचे खासदार झाले आणि 1962 ला पुण्यातून काँग्रेसचे. रघुनाथराव खाडिलकरही शेकापचेच, पुढे काँग्रेसचे केंद्रीय मंत्री झाले. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण म्हणतात ते हेच: कुणाचं पद, कुणाची संस्था, कुणाचा मान. मोऱ्यांचं नाव निघालं की दादा गप्प बसायचे, शिवी कधी दिली नाही. प्रबंधावर ज्यांची सही होती ते गेले. दादांसारखे पेन्सिलवाले राहिले.

शेकापच्या माणसाला ‘भाई’ का म्हणतात? आणि बायकांना काय म्हणायचे? — एक वाचक, पेण

कम्युनिस्टांचा कॉम्रेड तसा शेकापचा भाई. दादांच्या नावाआधी ‘भाई’ इतकं चिकटलं होतं की माझ्या लग्नाच्या पत्रिकेतही छापलं गेलं, आणि माझ्या सासरच्यांना वाटलं हे मुंबईतले कोणी दादा-भाई आहेत की काय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बायकांना ‘ताई’ म्हणायचे, आणि चहा मागायचे. अलिबागच्या मीनाक्षीताई पाटील आमदार, राज्यमंत्री झाल्या, पण अशी नावं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. आमच्या ओसरीवर बैठक बसली की पंधरा-वीस माणसं. आई आत चुलीशी. शोषण, श्रमशक्ती, वरकड मूल्य हे सगळे शब्द भिंतीपलीकडून तिच्या कानावर जात, आणि ती माझ्या हातात शेंगाचटणीचं ताट देऊन म्हणायची, “जा, श्रमशक्तीला वाढून ये.”

माझे आजोबा श्रीरामपूर भागात साखर कामगार होते. घरात त्यांचा लाल निशाण पक्षाचा बिल्ला सापडला. हा पक्ष आता दिसत नाही. तो शेकापमधून फुटला होता का? — एक वाचक, अहिल्यानगर

बिल्ला जपून ठेवा. तुमचं पत्र वाचून मला मामा आठवला, म्हणून हे उत्तर थोडं लांबेल.

माझा धाकटा मामा दुष्काळाला कंटाळून तुमच्याच भागात साखर कारखान्यात लागला आणि तिथे लाल निशाणचा झाला. दिवाळीला आला की दादा शेकापचे, तो लाल निशाणचा. फराळाचं ताट दोघांच्या मध्ये आणि त्यावरून भांडण मॉस्कोचं. आमच्या गावातून मॉस्कोला काय, सोलापूरला जायचं तरी एस.टी. बदलावी लागायची. पण दोघं असे तावातावाने बोलायचे की जणू उद्या सकाळी तिथून तार येणार आहे.

लाल निशाणची फूट शेकापपेक्षा जुनी. मूळ झाड कम्युनिस्ट पक्ष. दुसऱ्या महायुद्धात रशियावर हल्ला झाला आणि भारतातल्या कम्युनिस्ट पक्षाने त्या युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हणत बेचाळीसच्या चळवळीपासून अंग काढून घेतलं. महाराष्ट्रातल्या काही कार्यकर्त्यांना हे गिळेना. गावोगाव लोक रेल्वेचे रूळ उखडतायत आणि आपण सांगायचं की थांबा, इंग्रजांचं युद्ध आता आपलं आहे? एस. के. लिमये, भास्करराव जाधव, यशवंत चव्हाण, संताराम पाटील ही मंडळी वेगळी झाली आणि त्यांनी नवजीवन संघटना बांधली. (हे यशवंत चव्हाण वेगळे. मुख्यमंत्री झालेले यशवंतराव नव्हेत. मामा सभेत ‘आपले चव्हाण’ आणि ‘त्यांचे चव्हाण’ असा फरक करायचा.)

शेकाप निघाला तेव्हा हे नवजीवनवाले त्यात शिरले. काँग्रेसमधून आलेले शेतकरी पुढारी आणि कम्युनिस्टांतून आलेले हे अभ्यासू लोक एका घरात आले. दाभाडीच्या प्रबंधाला जे मार्क्सवादी वळण मिळालं त्यात यांचा हात होता असं जुने लोक सांगतात. कराडच्या त्या विद्यार्थ्याचे आजोबा शेकापला कम्युनिस्टांशी जोडत असतील तर याचमुळे.

हे घर टिकलं नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतच एक गट बाहेर पडला आणि ‘कामगार किसान पक्ष’ या नावाने 1952 च्या निवडणुकीला उभा राहिला. क्रांतिसिंह नाना पाटील त्यात होते, संगमनेरकडचे दत्ता देशमुख होते. नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि 1957 ला साताऱ्यातून खासदार झाले. जे कम्युनिस्ट पक्षात गेले नाहीत आणि शेकापातही परतले नाहीत, ते उरले लाल निशाण गट म्हणून. बघा, फुटलेल्यांतून फुटलेले, आणि त्यांतूनही जे कुठेच मिसळले नाहीत ते. ‘गट’ हेच नाव त्यांनी बरीच वर्षं लावलं, ‘पक्ष’ मागाहून आला. मला यात एक प्रामाणिकपणा वाटतो. चार माणसं जमली की ‘अखिल भारतीय’ लावणारे आपण पुष्कळ पाहिलेत.

त्यांचं काम दिसायचं ते मतपेटीत नव्हे. मुंबईत गिरणीत त्यांची कापड कामगार संघटना. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा ती सामंतांच्या बाजूने उभी राहिली. तुमच्याकडे साखर कामगार आणि शेतमजूर. पुण्यात महापालिकेचे सफाई कामगार. आणि बाहत्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामांवरची माणसं. दत्ता देशमुख मूळचे इंजिनिअर. धरण, कालवा, पाणीवाटप यावर ते बोलायला लागले की सरकारी अभियंतेही वही काढायचे, असं मामा अभिमानाने सांगायचा. मामाचं सोडा, पण पाणी या विषयावर त्यांचा शब्द मोलाचा होता हे विरोधकही मानत.

मग फूट. नेहमीप्रमाणे. 1980 च्या दशकाच्या शेवटी रशियातून गोर्बाचेव्हच्या सुधारणांचं वारं आलं. पक्षातल्या काहींना ते पटलं, काहींना नाही, आणि काँग्रेसशी किती जवळीक करायची हाही वाद होताच. लाल निशाण पक्ष आणि लाल निशाण पक्ष (लेनिनवादी) असे दोन झाले. मामा निवृत्तीला आला होता. दोन्हीकडचे कार्यकर्ते त्याच्याकडे वर्गणीला यायचे, कारण दोघांकडे त्याचं नाव जुन्याच यादीत होतं. त्याने एकालाही नाही म्हटलं नाही. दोन्ही पावत्या एकाच तारेला टोचून ठेवायचा. मामी म्हणाली, अहो एक तरी बंद करा. तर म्हणाला, “भांडण त्यांचं हाय, वर्गणी माझी हाय.”

आता हा पक्ष दिसत नाही कारण दोन्ही तुकडे अखेर मोठ्या पक्षांत मिसळले, एक भारतीय कम्युनिस्ट पक्षात (भाकप) आणि दुसरा भाकप (मार्क्सवादी-लेनिनवादी) लिबरेशनमध्ये. म्हणजे ज्या झाडापासून बेचाळीसला फांदी तुटली होती, तिचा एक भाग पंचाहत्तर वर्षांनी त्याच झाडाला येऊन मिळाला. मामा असता तर दोन्ही कार्यालयांत पेढे घेऊन गेला असता.

एवढ्याशा पक्षाचा माणूस एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून कसा आला? सांगोल्यात काय जादू होती? तुम्ही तिकडच्या म्हणून विचारते. — एक वाचक, ठाणे

जादू नव्हती, पाणी नव्हतं.

गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली करायला सांगोल्यात आले. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला पुन्हा पडले, 1999 ला पुन्हा आले. शेवटची निवडणूक 2014 ची. 2021 च्या जुलैत गेले. यात दोन पराभव आहेत हे लोक विसरतात, मी मुद्दाम लिहिते. अजिंक्य वगैरे काही नव्हते. पडल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने त्याच गावाला जायचे, एवढंच.

त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील, त्या खऱ्या आहेत. एस.टी.त आमदारासाठी एक जागा राखीव असते. त्या जागेवर खरोखरच आमदार बसलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला, सांगोला स्टँडवर, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. पण साधेपणावर कोणी अकरा वेळा निवडून देत नाही. आमच्या तालुक्यात साधी माणसं ढीगभर आहेत.

सांगोला म्हणजे माण नदीचा तालुका. नदी नकाशावर असते, पात्रात क्वचित. पाऊस हुलकावणी देतो, जमीन मुरमाड, खिलार जनावरं देखणी आणि त्यांना चारा नाही. पक्षाचा कार्यक्रम इथे प्रबंधातून ठरला नाही, तो टँकरच्या रांगेत ठरला. 1972 चं सांगते, तेव्हा मी सहावीत होते. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं. दोन-अडीचशे माणसं, निम्म्याहून जास्त बायका. खडी फोडायची, माती वाहायची, आणि दुपारी सुकडी मिळायची. पोरं कामावर त्या सुकडीसाठीच जायची, मीही गेले आहे. आमदारकीला त्याच वर्षी आबासाहेब पडलेले, म्हणजे दादांच्या पक्षाकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. आणि त्याच वर्षी आमच्या ओसरीवर सर्वांत जास्त गर्दी असायची.

कारण हजेरी. मस्टरवर नाव आहे का, मोजमाप बरोबर धरलं का, आठवड्याचा पगार पंधरवड्यावर का गेला. आमच्या कामावरच्या मुकादमाने एका टोळीचं मोजमाप कमी धरलं. मजुरी कामाच्या मापावर, त्यामुळे वीत कमी म्हणजे भाकरी कमी. दादांनी त्या सगळ्यांची तक्रार लिहून काढली. घरात कोरा कागद नव्हता, दुकान बंद, आणि रात्रीच लिहायचं होतं. त्यांनी दाभाडी प्रबंधाची पुस्तिका काढली आणि तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर नावं लिहिली, एकेकाचा अंगठा घेतला. सकाळी तालुक्याला जाऊन चांगल्या कागदावर नक्कल केली, पुन्हा अंगठे घेतले आणि तहसिलात दिली. मोजणी परत झाली. फरक मिळाला तो फार नव्हता, पण मिळाला. बहुतेक त्या पानानंतरच आईने विहिरीच्या पाण्याबद्दल विचारणं सोडलं.

त्या दुष्काळात राज्यभर हेच चाललं होतं, मोर्चे, घेराव, कामाची मागणी. त्यात शेकाप होता, लाल निशाण होता, समाजवादी, कम्युनिस्ट होते. वि. स. पागे काँग्रेसचे, रोजगार हमीची कल्पना त्यांची. पण ती कल्पना कायदा होईपर्यंत गेली यामागे ही रस्त्यावरची रेटारेटी होती. 1977 चा रोजगार हमी कायदा, 26 जानेवारी 1979 पासून अंमल. देशाचा कायदा यायला त्यानंतर 2005 उजाडावं लागलं. लहान पक्षाने काय केलं असं कोणी विचारलं तर मी हे सांगते, आणि हेही सांगते की श्रेय एकट्याचं नव्हे.

सांगोल्यात पुढे सूतगिरणी आली, सहकारी, आणि ती नीट चालली; महाराष्ट्रातल्या बंद सूतगिरण्यांची यादी पाहिलीत तर हे किती मोठं वाक्य आहे ते कळेल. डाळिंब आलं. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. तेरा दुष्काळी तालुक्यांचे लोक जमायचे, आबासाहेब त्यात पुढे. मागणी एकच: कृष्णेचं पाणी उचलून आमच्या माळावर आणा. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची नावं आमच्याकडे देवाच्या नावासारखी घेतली जायची, आणि देवासारखीच ती दिसत नव्हती. पाणी आलं तेव्हा दादा नव्हते.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्हाला वाटेल मी आरती म्हणतेय. एकच माणूस पन्नासहून अधिक वर्षं पुढे असेल तर मागे सावलीच पडते. दुसरी फळी उभी राहिली नाही. 2019 ला आबासाहेब थांबले आणि उमेदवारी नातवाकडे गेली. नातू 768 मतांनी पडला, शहाजीबापू पाटलांकडून. तेच ते, ज्यांचं ‘काय झाडी, काय डोंगर’ पुढे देशभर गाजलं. 2024 ला दुसरा नातू, बाबासाहेब, उभा राहिला आणि निवडून आला. आनंद झाला? झाला. पण वाड्यांच्या आणि घराण्यांच्या राजकारणाला कंटाळून जे काँग्रेसमधून निघाले, त्यांचा पक्ष सांगोल्यात एका घरावर आणि अलिबागेत दुसऱ्या घरावर उभा राहावा, हे दादांना कसं सांगायचं असतं?

आम्ही उरणचे. आमच्याकडे दि. बा. पाटील म्हणजे देव. पण नव्या पोरांना दि. बा. म्हणजे फक्त विमानतळाच्या नावाचं आंदोलन वाटतं. शेकापच्या इतिहासात त्यांची जागा काय? — एक वाचक, उरण

फार मोठी. आणि ती सांगायची तर आधी चरीला जावं लागेल. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध 1933 ते 1939 असा सहा वर्षं संप केला. शेतं पिकवलीच नाहीत. जंगलातली लाकडं विकली, मोलमजुरी केली, पण खोताच्या जमिनीत नांगर घातला नाही. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेब आंबेडकर पाठीशी होते. ‘कृषीवल’ हे पत्र 1937 चं. म्हणजे शेकाप जन्मायच्या आधीच तुमच्या जिल्ह्यात त्याची जमीन नांगरून तयार होती. रायगडात खटारा चालला तो उगाच नाही. (सांगोल्यात आम्ही त्याच निशाणीला बैलगाडी म्हणायचो. दादा गेरूने भिंतीवर काढायचे, चाकं नेहमी वाकडी.)

दि. बां.चं मोठेपण हे की त्यांनी जुनं भांडण नव्या शब्दांत मांडलं. खोत गेला आणि सिडको आली, नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ. नवी मुंबईसाठी जमीन घेतली ती मातीच्या भावाने, आणि पुढे विकायची ती शहराच्या भावाने. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला, 16 आणि 17 तारखेला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. भूसंपादनात शेतकऱ्याला एकदाच पैसे देऊन वाटेला लावायचं नाही, वाढलेल्या किमतीत त्याचा वाटा ठेवायचा, हा विचार तोवर सरकारदरबारी कोणाच्या गावी नव्हता. पोरांना हे सांगा. विमानतळाचं ती आपोआप ऐकतील.

एकेकाळी विरोधी पक्ष होता म्हणतात. आता किती उरला? — एक वाचक, नांदेड

नांदेडहून हा प्रश्न यावा! तुमच्या कंधारच्या केशवराव धोंडग्यांनी एकेकाळी विधानसभा आणि लोकसभा दोन्ही गाजवली. 1977 ला शेकापचे पाच खासदार निवडून आले होते, त्यांत ते एक.

आकडे हवे तर हे घ्या. विधानसभेत 1962 ला 15, 1967 ला 19, 1978 ला 13. त्या वर्षी शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आबासाहेब आणि एन. डी. पाटील मंत्री झाले. 2004 ला 2, 2014 ला 3, 2019 ला 1 (तुमच्याच लोह्यातून), 2024 ला 1. एकाच्या खाली जायला आता एकच पायरी आहे.

हे सगळे डावे पक्ष एक का होत नाहीत? — तीन-चार पत्रांत हाच प्रश्न आहे

मामाला मी हे विचारलं होतं. तो म्हणाला, “एक झालो की कुणीतरी फुटतंयच. मग आत्ताच हाय त्ये काय वाईट?” दादा म्हणाले, त्याचं ऐकू नको. मग दोघं पुन्हा भांडायला बसले. मला स्वतःला वाटतं की यांचे वाद खोटे नव्हते, पण ते ज्यावर व्हायचे त्याचा आणि त्यांच्या रोजच्या कामाचा फारसा संबंध नव्हता. मोजमापाची तक्रार लिहिताना मॉस्कोबद्दल कोणाचं काय मत आहे हे दादांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

दाभाडी प्रबंधाची प्रत तुमच्याकडे आहे असे कळते. अभ्यासासाठी झेरॉक्स मिळेल का? — एक संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

मिळेल. कागद ठिसूळ झालाय, एक-एक पान हळू दाबून काढावं लागेल, थोडे दिवस दे. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या दादांच्या. त्यांचा अर्थ मलाही लागलेला नाही, तुला लागला तर कळव.

शेवटचं पान मात्र नसेल. चार वर्षांपूर्वी गावाकडचा एक मुलगा, पोलीस भरतीत लागलेला, पेढे द्यायला आला होता. बोलता बोलता मी त्याला ते पान दाखवलं. त्याच्या आजीचं नाव वरून सातवं, शेजारी अंगठा. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता, आणि आधारकार्ड यायच्या आधीच ती गेली. तो बराच वेळ त्या ठशावर बोट न ठेवता, वरच्यावर धरून बसला. मी पान ब्लेडने कापून त्याला दिलं.

बाकीची पानं पाठवते. तुझ्या पत्रात पिनकोड नव्हता, तो कळव.